रंगाच्या रकान्यात ‘फेअर’

नाशिकच्या मेन रोडला लागून असलेल्या एका बोळात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न झालं की तिथे बायोडेटा करून घेणाऱ्यांची गर्दी वाढते. गेल्या वर्षी आम्हीही तिथे गेलो होतो. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी, तिची आत्या. दुकानदाराने संगणकावर त्याचा ठरलेला नमुना उघडला. वर गणपती, खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, उंची आणि उंचीच्या खाली ‘रंग’. त्या रकान्यात आधीच्या कुणाचं तरी ‘फेअर’ तसंच राहून गेलं होतं.

दादा म्हणाला, “तिथे गव्हाळ टाका.”

दुकानदाराने माऊसवरचा हात न काढता सांगितलं, “साहेब, गव्हाळ नका टाकू. गव्हाळ म्हटलं की लोक सावळी धरतात. फेअरच राहू द्या.”

“अहो, पण ती गव्हाळच आहे.”

“तुमचं बरोबर आहे. पण समोरचा एक पायरी उतरवूनच वाचतो.”

तो माणूस वाईट मनाने बोलत नव्हता. सीझनला ढिगाने बायोडेटा करतो, लोक परत येऊन काय सांगतात ते ऐकतो, त्यातून त्याला जे कळलं ते त्याने आम्हाला सांगितलं. भाची बाजूच्या स्टुलावर मोबाइल बघत बसली होती. पडद्यावर सरकत असलेला तिचा अंगठा थांबला. तिने मान वर केली नाही. पण ती ऐकत होती, हे मला त्या अंगठ्यावरून कळलं.

त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. मी शाळेत भाषा शिकवते. शब्दाचा अर्थ कसा बदलतो हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. पण भाव घसरावा तसे माणसाच्या रंगाचे शब्द घसरत जातात, हे मला त्या दुकानदाराने शिकवलं. काळ्या मुलीला घरचे सावळी म्हणतात. मग खरोखर सावळी असेल तिला गव्हाळ म्हणावं लागतं. गव्हाळ मुलगी निमगोरी होते, निमगोरी गोरी होते आणि मुळात गोरी असेल तिच्यासाठी ‘गोरीपान’ राखून ठेवावं लागतं. सगळेच एक पायरी चढवून लिहितात, म्हणून सगळेच एक पायरी उतरवून वाचतात. ह्यात खरं लिहिणारा तेवढा तोट्यात जातो. दादा त्या दिवशी खरं लिहायला निघाला होता.

गव्हाळ हा किती चांगला शब्द होता. गव्हाच्या दाण्याचा रंग, त्यात कमी-जास्त काही नाही. आपल्या जिल्ह्यात तर ह्या दाण्याचं वेगळंच कौतुक आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आहेत. ज्या भागात गव्हाला तीर्थांची नावं देतात, त्याच भागात मुलीला गव्हाळ म्हटलं की तिची किंमत कमी होते, हे मला सहन होत नाही.

आणि ह्या सगळ्या घसरणीच्या वर ‘फेअर’ जाऊन बसलेला आहे. इंग्रजी असल्यामुळे तो घसरत नाही आणि तो उच्चारताना लाजही वाटत नाही. “मुलगी गोरी हवी” असं तोंडावर म्हणायला आज शिकलेल्या घरात जीभ थोडी अडखळते. “फेअर असली म्हणजे झालं” म्हणताना अडखळत नाही. मागणी तीच, शब्द तेवढा इस्त्री केलेला. पूर्वी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत ‘गौरवर्ण, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ असं छापून यायचं. गृहकृत्यदक्ष गेला, कारण त्यातली अपेक्षा बोलून दाखवायची आता लोकांना लाज वाटते. गौरवर्णही जायला हवा होता. तो गेला नाही, इंग्रजी नाव घेऊन राहिला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. बायोडेटातून, वधूवर मंडळांच्या फॉर्ममधून आणि लग्नाच्या बोलण्यातून रंगाची ही ओळ काढून टाकावी. ‘फेअर’ हा शब्द मराठीत ठेवायचा असेल तर त्याच्या दुसऱ्या अर्थाने ठेवावा. तो अर्थ आपल्याला चांगला माहीत आहे, आणि त्यासाठी अगदी नेमका मराठी शब्दही आपल्याकडे आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाकडे नीट बघायला हवं, कारण आपण त्याचा एकच कोपरा उचलून आणलेला आहे. ‘फेअर’चा सर्वांत जुना अर्थ सुंदर, बघून बरं वाटेल असा. जुन्या इंग्रजीत त्यात रंगाचा काही संबंध नव्हता. निरभ्र हवामानाला इंग्रज आजही फेअर म्हणतात, ती त्याच जुन्या अर्थाची खूण. पुढे त्या लोकांना उजळ रंग आणि फिके केस सुंदर वाटायला लागले, आणि सुंदरसाठी असलेला शब्द उजळासाठी वापरात आला. त्याच शब्दाला आणखी एक फांदी फुटली, ती डाग नसलेला, खोट नसलेला, म्हणून न्याय्य, ह्या अर्थाची. फेअर प्ले, फेअर ट्रायल, फेअर प्राइस ही सगळी त्या फांदीची फळं. (जत्रेला किंवा प्रदर्शनाला म्हणतात तो ‘फेअर’ वेगळा, तो लॅटिनमधल्या सणाच्या शब्दावरून आला. एसटीच्या भाड्याचा ‘फेअर’ तर स्पेलिंगनेही निराळा. मुलं ह्या तिघांची नेहमी गल्लत करतात म्हणून सांगून ठेवते.)

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. इंग्लंडमध्ये माणसाला फेअर म्हटलं की मनात बहुतेक वेळा त्याचे केस असतात, फिके, पिवळसर. काळ्या केसांचा गोरा माणूस तिथे ‘डार्क’ म्हटला जाऊ शकतो. ‘टॉल, डार्क अँड हँडसम’मधला डार्क मुख्यतः केसा-डोळ्यांचा आहे. म्हणजे ज्यांची भाषा आहे त्यांच्या हिशेबाने आपल्या बायोडेटातल्या जवळजवळ सगळ्या मुली, कितीही गोऱ्या असल्या तरी, डार्क ठरतील. आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो तो अर्थ आपणच त्याच्यात भरलेला आहे. तेव्हा तो काढून घेणंही आपल्याच हातात आहे.

हे सगळं इंग्रजीवर ढकलून मोकळं व्हावं असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या भाषेतही हेच घडून गेलेलं आहे. ‘गोमटा’ हा शब्द घ्या. ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ असं आपण म्हणतो. ती फळं काही गोरी नाहीत, ती छान आहेत, उत्तम आहेत. गोमटं म्हणजे चांगलं, सुंदर. अगदी जुन्या ‘फेअर’सारखं. आणि आज गोमटा शब्द एकटा कुठे ऐकू येतो का? येतो तो ‘गोरीगोमटी’ असा, गोरीच्या पदराला बांधलेला. काळीगोमटी कुणी म्हणत नाही. इंग्रजांच्या शब्दाला जे झालं तेच आपल्या शब्दाला झालं आणि आपण ते केलं.

‘वर्ण’ तर त्याहून अवघड आहे. वर्ण म्हणजे रंग. वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण. सवर्ण, अवर्ण हे शब्द त्यातूनच आले. वर्णमाला आणि वर्णन हेही त्याचेच नातेवाईक, पण ते निरुपद्रवी. रंग आणि सामाजिक पायरी एकाच शब्दात राहतात, ही गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. एखादी मुलगी उजळ असली की “घरंदाज दिसते” म्हणतात, सावळी असली की कुजबुज होते, “त्यांच्यातली वाटत नाही.” त्या ‘त्यांच्यातली’मध्ये जात असते, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना माहीत असतं. म्हणून रंगाच्या रकान्याला मी साधी आवडनिवड म्हणायला तयार नाही.

नाशिकच्या माणसाला तर हे कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्या गावाचा मोठा देव काळा आहे आणि तो नावातच काळा आहे. पंचवटीतलं काळाराम मंदिर पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. आतली मूर्ती काळ्या पाषाणाची. गोरा रामही नाशकातच आहे. पण बाहेरगावचा माणूस रिक्षात बसला की काळारामाचा पत्ता सांगतो. लहानपणी आजीचं बोट धरून मी तिथे जायची तेव्हा तिला विचारलं होतं, देव काळा का? तिने सांगितलं, “तो तसाच छान दिसतो.” आजीच्या त्या वाक्यात ‘पण’ नव्हता.

ह्या ‘पण’कडे मला जरा थांबून बघायचं आहे. “रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.” हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची चाल पाठ झाली आहे. ते चांगल्या मनाने म्हटलं जातं, बहुतेक वेळा मुलीच्या बाजूनेच म्हटलं जातं. तरी त्या ‘पण’ने आधीच कबूल केलेलं असतं की सावळेपणा ही उणीव आहे आणि नाक-डोळे ही तिची भरपाई. पुढची बोलणी ह्याच भरपाईच्या हिशेबाने चालतात. मुलगी सावळी आहे, पण पगार चांगला आहे. सावळी आहे, पण एकुलती एक आहे. सावळी आहे, पण लग्न थाटात करून देणार आहेत. शेवटच्या ‘पण’मध्ये मुलीच्या बापाचा पैसा असतो. रंगाचा हिशेब शेवटी रुपयांत कसा होतो, हे ज्याने मध्यस्थ म्हणून एक तरी लग्न जमवलं आहे त्याला ठाऊक आहे. आणि आपण तर विठ्ठलाला कौतुकाने सावळा म्हणणारी माणसं. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी पंढरपूरला निघते, तिच्यासोबत चालणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं आहे का, विठ्ठल सावळा आहे पण नाकीडोळी नीटस आहे म्हणून?

काळारामाच्या दारात आणखी एक गोष्ट घडली. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते त्यात पुढे होते. मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले. हा लढा वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला ह्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आत काळा देव आणि बाहेर माणसं रोखून धरलेली. देवाच्या रंगावर कुणाची हरकत नव्हती. ज्यांच्या वर्णावर होती, ती माणसं बाहेर उभी होती. हे आठवलं की मला ‘फेअर’चे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिलेले दिसतात. एक कातडीचा, दुसरा न्यायाचा. त्या सत्याग्रहींना दुसरा हवा होता.

ह्या दुसऱ्या अर्थाला आपल्या मराठीत शब्द आहे आणि तो गल्लोगल्ली पाटीवर लिहिलेला आहे. रेशनच्या दुकानावर काय लिहिलेलं असतं? ‘शासनमान्य रास्त भाव धान्य दुकान’. इंग्रजीतल्या फेअर प्राइस शॉपचं हे मराठी. ज्याने कुणी ते केलं त्याला माझा नमस्कार. त्याने फेअरला ‘रास्त’ म्हटलं. उसाच्या एफआरपीतला पहिला ‘एफ’ हाही तोच फेअर, आणि त्याचं मराठी ‘रास्त आणि किफायतशीर दर’. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘फेअर’ म्हणजे काय असं विचारलं तर तो सांगेल, माझ्या घामाचा खरा दाम. हाच शेतकरी मुलासाठी मुलगी बघायला निघाला की फेअर म्हणजे गोरी होते. उसाला रास्त भाव मागणाऱ्या घराने सुनेच्या बाबतीतही रास्त वागावं, एवढंच मी त्याला विनवून सांगेन.

आणि शाळेतली फेअर वही. माझ्या पिढीला आणि आजच्या मुलांनाही ‘फेअर’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो इथे. रफ वहीत खाडाखोड चालते, गणित चुकलं तर चालतं, शाईचा डाग चालतो. फेअर वही सरांना दाखवायची असते. तिला खाकी कव्हर, वर नावाचं लेबल, समास आखलेला. मी चौथीत असताना आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. शाळेचं नाव लिहीत नाही, ती शाळा आता पुष्कळ बदलली आहे. स्वागतगीतासाठी बारा मुली निवडल्या, त्यात मी होते, कारण माझा आवाज चांगला होता. रंगीत तालमीच्या दिवशी बाईंनी ओळी लावल्या. गोऱ्या मुली पुढे, आम्ही तिघी-चौघी मागे. मी उंचीने लहान होते, मागे उभी राहिले की दिसतच नव्हते. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, “आवाज येतोय ना पुढे, मग झालं.” घरी जाऊन मी आईला सांगितलं की मी रफ वही आहे. आईला ते कळलं नाही, तिने मला नवी वही हवी आहे असं समजून दुसऱ्या दिवशी आणून दिली. ती वही मी वापरली नाही, बरीच वर्षं कपाटात होती.

त्या बाईंवर माझा राग नाही. मीही पुढे शिक्षिका झाले आणि पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ द्यायला मुली निवडताना माझाच हात कुणाकडे जातो ते मी पाहिलं आहे. एकदा जाऊ लागलेला हात मी मागे घेतला आणि वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. तेव्हापासून चिठ्ठ्याच टाकते. सवय माणसाच्या हातात इतकी मुरलेली असते की तिला नियमानेच आवर घालावा लागतो. मी रकाना काढून टाकायला सांगते आहे ते ह्यासाठीच. मनं बदलण्याची वाट बघत बसलो तर अजून एक पिढी मागच्या ओळीत उभी राहील.

कायद्याचं आणि बाजाराचं थोडक्यात सांगते. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ज्या कारणांवरून भेदभाव करू नये त्यांच्या यादीत रंग आहे. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे, रंग नाही. फेअर अँड लव्हली हे क्रीम 1975 मध्ये भारतात बाजारात आलं आणि पंचेचाळीस वर्षं त्याच नावाने विकलं गेलं. 2014 मध्ये जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने, म्हणजे एएससीआयने, सावळ्या माणसाला दुःखी, नाकारलेला, मागे पडलेला असं दाखवू नये, असा नियम केला. 2020 च्या फेब्रुवारीत गोरेपणाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना शिक्षा करण्याचा मसुदा केंद्राने मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, जगभर लोक रस्त्यावर आले, आणि जूनमध्ये इथल्या कंपनीने ‘फेअर’ शब्द सोडायचं जाहीर केलं. जुलैत नाव झालं ग्लो अँड लव्हली. त्याच जूनमध्ये शादी डॉट कॉमनेही रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. मिनियापोलिसमध्ये एक माणूस मेला तेव्हा कुठे आपल्या क्रीमच्या डबीवरचा एक शब्द हलला. घरोघरच्या बायोडेटातला अजून जिथल्या तिथे आहे. आणि डबीवरच्या नव्या शब्दाचंही गव्हाळसारखंच होईल अशी मला भीती वाटते. आत्ताच मुली म्हणायला लागल्या आहेत, “माझ्या स्किनला ग्लोच नाही.” म्हणायचं तेच असतं.

नावं बदलणाऱ्या क्रीमपेक्षा मला जास्त धास्ती आहे ती नाव नसलेल्या क्रीमची. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली नववीतली एक मुलगी ओढणीने अर्धा चेहरा झाकून बसायला लागली. उन्हात स्कूटीवर जाताना नाशकातल्या सगळ्याच मुली स्कार्फ गुंडाळतात, त्यामुळे आधी लक्षात आलं नाही. पण ही वर्गातही ओढणी काढेना. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं. गाल भाजल्यासारखे लाल, त्यावर बारीक पुरळ, कानाजवळ दाट लव. मामाच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून मावशीने सांगितलेलं एक मलम तिने मेडिकलमधून आणलं होतं, गजकर्णावर देतात त्यातलं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला. मग लावायचं थांबवलं की आग व्हायची, म्हणून ती लावतच राहिली. अशा मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. ते तोंडाला लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ऊन सोसत नाही, आणि मलम बंद केलं की जास्तच भडकतं. खरं तर हे मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं, बरं व्हायला बरेच महिने गेले. ज्या मेलॅनिनमुळे आपला रंग सावळा असतो, तेच आपल्या कातडीला उन्हापासून राखतं. नाशिकच्या उन्हात तेच घालवायला ती चौदा वर्षांची पोर निघाली होती.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते मी घरातच ऐकलं आहे, त्यामुळे टाळणार नाही. वहिनी म्हणते, “ताई, आवड असते एकेकाची. उंच हवी म्हणतात तसं गोरी हवी म्हणतात. आणि लपवून काय मिळवायचं, उद्या बघायला आल्यावर दिसणारच ना? मुलीचा पाणउतारा घरात बसून होण्यापेक्षा कागदावरच नकार आलेला बरा.” ह्यातलं शेवटचं वाक्य मला तोडून टाकता येत नाही. ज्या आईने मुलीला चहाचा ट्रे घेऊन चार-चारदा बाहेर पाठवलं आहे आणि चार-चारदा “कळवतो” ऐकलं आहे, तिला कागदावरचा नकार स्वस्त वाटतो. मी तिच्या जागी असते तर मलाही वाटला असता.

तरी मी वहिनीला विचारते, बायोडेटाला फोटो जोडलेलाच असतो, मग रंग शब्दांत कशाला? उंची फोटोत कळत नाही म्हणून लिहितो. रंग कळतो. फोटो बघूनही जो रंगाचा शब्द शोधतो त्याला माहिती नको असते, त्याला घासाघीस करायची असते. आणि लपवण्याचं म्हणाल तर खोटं बोलायला लावतो तो हा रकाना. रकाना नसता तर दादाला ‘गव्हाळ’ आणि ‘फेअर’ यांच्यात अडकावंच लागलं नसतं. दुकानदाराचा सल्ला ऐकला असता तर आम्ही चांगली चार शिकलेली माणसं एका शब्दाचं खोटं छापून घरी आलो असतो आणि मुलीला ते तोंडाने निभावायला लावलं असतं.

आवडीचंही तसंच. आवड असू द्या, मनातल्या आवडीवर कुणी पहारा बसवू शकत नाही. पण ह्या आवडीला छापील जागा देऊन, तिची चौकट आखून, प्रत्येक मुलीला ती चौकट भरायला लावणं ही खासगी गोष्ट राहत नाही. पूर्वी हुंड्याचे आकडेही असेच उघड बोलले जायचे. 1961 च्या कायद्याने हुंडा संपला नाही हे मला दिसतं. पण आज तो कागदावर लिहायला कुणी धजावत नाही, आणि जे लिहिता येत नाही ते मागताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो.

तेव्हा आपल्या नाशकातल्या वधूवर मंडळांनी, मग ती कुठल्याही समाजाची असोत, मेळाव्याच्या पुढच्या पुस्तिकेत रंगाची ओळ छापू नये. एक ओळ कमी होईल, छपाईचा खर्चही वाढणार नाही. डीटीपीवाल्यांनी आपल्या नमुन्यातून ती पुसावी. सूत्रसंचालकांनी स्टेजवर मुलीची ओळख करून देताना ‘दिसायला फेअर’ म्हणू नये. देखणी म्हणायचं असेल तर खुशाल देखणी म्हणा. हा शब्द देखणे ह्या क्रियापदापासून आला आहे, बघावंसं वाटतं ती देखणी, त्यात रंग कुठेच नाही. मराठीने आपल्यासाठी इतका मोकळा शब्द करून ठेवला असताना आपण तो पाहुण्यांच्या घरात आणि जुन्या कादंबऱ्यांत सोडून दिला आहे. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतो तेव्हा ती कशी दिसते? देखणीच दिसते. त्या दिवशी काळा रंग अंगावर शोभतो म्हणतो, तो अंगाचा असला की का शोभू नये?

दुकानात शेवटी भाचीच बोलली. मोबाइल पर्समध्ये टाकून ती दुकानदाराला म्हणाली, “काका, ती ओळच काढा.”

“अगं, मग मध्ये जागा मोकळी दिसेल.”

“खालचं वर सरकवा ना.”

त्याने सरकवलं. उंचीच्या खाली थेट रक्तगट आला, बी पॉझिटिव्ह. पंचवीस प्रती काढल्या.

पंधरा दिवसांनी पहिला फोन आला. दादाने पलीकडच्या बाईंचं थोडं ऐकून घेतलं आणि फोन माझ्याकडे दिला. त्या फार सौजन्याने बोलत होत्या. शिक्षण आवडलं, नोकरी आवडली, पत्रिका जुळते. “फक्त एक विचारायचं होतं ताई, रंग लिहिलेला नाहीये.” मी म्हटलं, फोटो आहे ना सोबत. त्या म्हणाल्या, “फोटोचं काय, ते लाइटवर असतं.” त्यांच्या मुलाचा बायोडेटा समोर टेबलावरच होता. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “तुमच्या मुलाचाही रंग कुठे दिसत नाही.”

“मुलाचा कशाला लिहायचा?” त्या म्हणाल्या. मग त्याही थांबल्या. बराच वेळ फोनवर दोन्हीकडून काहीच आवाज नव्हता.